खंडानं वीज

विंझरच्या वरच्या अंगाला डोंगराला टेकलेली वाडी आहे. तिथं वारा सुटला की आधी वीज जाते. मग वारा पडतो, पण वीज काही लवकर परतत नाही. पूर्वी याचं कुणाला विशेष वाटत नसे. पण दिवाळीनंतर जाईबाईंना भोरच्या दवाखान्यातून घरी आणलं ते नाकातली नळी आणि ऑक्सिजनची मशीन यांच्यासकट. तेव्हापासून त्यांची सून नूतन घरात कुठंही असली, तरी तिचा एक कान मशीनच्या घरघरीकडं असे. घरघर थांबली की हातातलं टाकून पळायचं आणि कोपऱ्यातला छोटा सिलिंडर जोडायचा. तो फार वेळ पुरत नसे, आणि पुन्हा भरून आणायला थेट भोर गाठावं लागे.

म्हणून घरावर सोलर आणि बॅटरी बसवायचं ठरलं. जाईबाईंचे मालक नाना हे गावच्या भजनातले जुने टाळकरी. ते म्हणाले, "सप्ताह बसला की वीणा भुईला टेकवत न्हाईत. एक दमला की दुसरा गळ्यात घेतो. हिचा श्वास तसा चालला पायजे."

आता घ्यायचं कुणाकडून, यावर घर अडलं. विंझरला पंपांचं दुकान चालवणारा स्वरूप होता. तो पैसे भात निघाल्यावर घ्यायला तयार होता, उरले तर उन्हाळ्यात. मात्र करार तीन वर्षांचा, मधे सोडायची सोय नाही. दुसरी पुण्याची कंपनी. तिचं दरमहा भाडं, करार कसलाच नाही, नको झालं की सांगायचं आणि ते सामान काढून नेणार.

नूतनचा नवरा हनुमंत कंपनीच्या बाजूचा होता. तो टेम्पोनं पानशेतच्या हॉटेलांना भाजीपाला पोचवायचा. बांधून कशाला घ्यायचं, एवढंच तो म्हणायचा आणि विषय वाढायच्या आत टेम्पोची काच पुसायला बाहेर जायचा. नूतनला हे कोडं पडलं होतं. पावसाळ्यात पानशेतची गिऱ्हाइकी बसते, तेव्हा दरमहा भाडं कुठून काढणार, हे त्याला दिसत नव्हतं असं नाही.

नाना आधी स्वरूपकडं झुकले होते. मग एके दिवशी कंपनीच्या मुलीचा फोन आला. नानांनी तो कानाला घट्ट धरून ऐकला आणि उजळलेल्या चेहऱ्यानं सांगत सुटले की हप्ता राहिला तर कंपनी खंडानं वीज देते. या खोऱ्यात जमिनी खंडानं देतात. वर्षभर कसायची आणि भात निघालं की ठरलेली पोती मालकाच्या दारात टाकायची. नानांनी ही बातमी पारावरही सांगितली. पारावरच्या मंडळींनी विचारलं, कंपनीला इंद्रायणी चालतो का आंबेमोहोरच लागतो. नाना हसले, पण त्यांचा विश्वास ढळला नाही. नूतनच्या मनातली पाल मात्र चुकचुकत राहिली. पुण्याची कंपनी भाताची वाट बघत बसेल, हे तिला पटेना.

कंपनीची मुलगी, प्रेरणा तिचं नाव, दुपारी स्कूटरवरून आली. तिनं मोबाईलवर सगळं नीट दाखवलं. शेवटी हनुमंतच्या फोनवर येणारा नंबर सांगायचा, की झालं काम. वारा उठला होता. पत्रे वाजायला लागले. हनुमंतनं फोन हातात घेतला तशी नूतन पुढं झाली.

"ताई, हप्ता राहिला तर खंडानं देता म्हणं. म्हंजी भात निघाल्यावर?"

प्रेरणा गोंधळली. मग तिच्या ध्यानात आलं. "खंडानं नाही हो. मी काकांना म्हणाले होते, हप्ता राहिला तर सेवा खंडित होते. म्हणजे बंद."

"कोण बंद करतं?"

"कुणी करत नाही. ते ऑफिसातून आपोआप होतं."

नानांनी मान खाली घातली. आयुष्य कीर्तन ऐकण्यात गेलेला माणूस, बुवांचा एक शब्द त्यांच्या कानातून निसटला नव्हता. आणि इथं हवा होता तोच शब्द कानानं ऐकला होता.

तेवढ्यात वीज गेली. घरघर थांबली, मशीन किंचाळली. नूतननं धावत जाऊन सिलिंडर जोडला आणि काटा पाहिला. तो अर्ध्याच्या खाली होता. जाईबाई बाजेवर टेकून बसल्या होत्या, डोळे मिटून, एकेक श्वास मोजून घ्यावा तशा. प्रेरणा उठून उभी राहिली. आजारी माणूस आहे हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. अशा घराला सूट मिळते का, म्हणून तिनं अंगणात जाऊन ऑफिसला फोन लावला. परत आली तेव्हा तिनं नुसती नकारार्थी मान हलवली.

हनुमंत तरी अडूनच होता. "म्या हप्ता चुकू देणार न्हाई. पन तीन वर्सं बांधून घ्यायचं म्हंजी..."

तो तिथंच थांबला. पुढचं त्यानं गिळलं, पण घरातल्या सगळ्यांना ते ऐकू आलं. नूतनला कोडं उलगडलं, आणि उलगडलं नसतं तर बरं, असं झालं.

जाईबाईंनी डोळे उघडले. "बोल की. म्हातारी तीन वर्सं... पुरंल का. हेच ना?"

"आये, तसं न्हाई."

"तसंच हाय. तुजं चुकत न्हाई." त्या दम खायला थांबल्या. "सोडायला सोपं... तेच घ्या. माज्या मागं... तुमाला गळ्यात धोंडा नको."

हनुमंतच्या हातातला फोन वाजला. नंबर आला होता. त्यानं तो वाचलाही नाही. फोन पालथा करून तो आईच्या पायाशी बसला आणि तिची पावलं मांडीवर घेऊन दाबत राहिला. वर बघायची त्याची छाती होईना.

नाना उठले आणि चपला न घालताच बाहेर पडले. उंबऱ्याशी त्यांनी प्रेरणाला हात जोडले. पोरी, खरं सांगितलंस, माऊली तुझं भलं करो, म्हणाले.

दिवस मावळायच्या आत ते स्वरूपला घेऊन आले. वीज अजून आली नव्हती. काटा तांबड्याला टेकला होता आणि नूतन तिथून हलत नव्हती. स्वरूपनं दुकानातली भरलेली बॅटरी इन्व्हर्टरसकट सोबत आणली होती. त्यानं आधी ती मशीनला जोडली. मशीन पुन्हा घरघरायला लागली. पॅनेल उद्या चढवतो, म्हणाला. मग करार काढला आणि नाव कुणाचं घालू म्हणून हनुमंतकडं बघितलं.

"हिचं घाल," नाना म्हणाले.

स्वरूप चाचरला. त्यानं हळू आवाजात समजावलं की तीन वर्षं पुरी होईस्तोवर नाव बदलता येत नाही. हनुमंतदादाचं असलेलं बरं.

"आमाला बदलायचंच न्हाई. घाल. जाईबाई."

जाईबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. "समद्या गावात हसं करून आलात... आता मला गुतवा," त्या म्हणाल्या. मग नळी जरा सारखी केली आणि पेनासाठी हात पुढं केला. हनुमंतनं कागदाखाली पाट धरला. त्यांनी नावातली अक्षरं सावकाश काढली, मधे दोनदा दम घेतला. त्या थांबल्या की नूतनही श्वास धरून थांबत होती.