मेंढीवरचा घसारा

दुसऱ्या विक्रेत्याने मेंढीवर घसारा लावला, तेव्हा झुराकानच्या हातातली चहाची किटली थांबली.

"म्हणजे ही दरवर्षी स्वस्त होत जाणार?"

"शिलाई यंत्रासारखीच, आपा. पाच वर्षांत शून्य," जर्दाळूचा मुरंबा नानवर थापत तो म्हणाला.

झुराकानने त्याची वाटी काठोकाठ भरली. त्या मुलखात अर्धी वाटी म्हणजे बसा, आणि भरलेली म्हणजे या आता. तो शहाणा, उठला.

इस्सिक-कुल सरोवराच्या दक्षिण काठावर नमद्याचे, म्हणजे दाबलेल्या लोकरीचे, घुमटी तंबू शिवायचा तो कारखाना. तिथला हिशेब झुराकान एर्मेकच्या बापाच्या काळापासून लिहीत होती. मणीपाटीवर अशी बेरीज करायची की थंडीत कामगार तापल्या मण्यांवर हात शेकून घेत. एका हिवाळ्यात त्यावर चहाही उकळला म्हणतात, पण ते जरा जास्तच झालं. आईवेगळा एर्मेक तिच्या टेबलाखालच्या लोकरीत झोपून वाढला आणि पुढे मालक झाला. परवाच येऊन म्हणाला होता, "आपा, हिशेबाचं सॉफ्टवेअर घ्यायचंय. निवड तुमची. तुम्ही बोट ठेवाल ते घेऊ." त्या दिवशी झुराकानने ठेवणीतला रुमाल डोक्याला बांधला.

मग तिने परीक्षाच मांडली. तंबूची आगाऊ रक्कम म्हणून गिऱ्हाइकाने मेंढी दिली, आणि तंबू शिवून होण्याआधी मेंढी कारखान्याच्या अंगणात व्याली. कोकरू लिहायचं कुठे? पहिला विक्रेता रकाने धुंडाळता धुंडाळता असा घामाघूम झाला की टोपी विसरून गेला. दुसऱ्याने घसारा लावला. तिसरी चोल्पोनाय नावाची पोरगी. तिने संगणक बाजूला सारला आणि खिडकीतून अंगणातल्या त्या मेंढीकडे पाहिलं.

"कोकरू आईच्या मागे जातं, आपा. आईचं नाव लिहिलं की झालं. तसा रकाना मी करून देईन."

झुराकानने तिची वाटी पुन्हा पुन्हा अर्धी भरली. निवड झाली.

पण दुसऱ्याने घरचं नान खाल्लेलं. नान खाल्लेल्या माणसाला मागच्या मागे नकार देणं बरं नव्हे, म्हणून तिने त्याला फोन लावला. तुमचं नाही घेतलं, राग मानू नका, असं चाचरत सांगितलं. उलट तोच तिची समजूत घालू लागला.

"मनाला लावून घेऊ नका, आपा. आमचे पैसे नवरोजच्या सणालाच पोचले. दोन महिने चालू आहे की ते तुमच्या मालकांच्या संगणकावर. एर्मेकदादा म्हणाले, म्हाताऱ्या माणसाचं मन राखायचंय, येऊन जरा दाखवून जा. तुम्हाला ठाऊक असेल असं वाटलं मला."

फोन बंद झाल्यावरही झुराकान "बरं, बरं" म्हणत राहिली.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात जेवणाचं दस्तरखान पसरलं. मांस शिजलं, बोरसोकांचा, म्हणजे तळलेल्या कणकेच्या गोळ्यांचा, ढीग पडला. थोरांनी तळवे उघडून आशीर्वाद दिल्याशिवाय नव्या कामाला हात लावायची तिकडे रीत नाही, आणि कारखान्यात तिच्याहून थोर कोणी नव्हतं.

"सांगा आपा, कोणतं घ्यायचं?" एर्मेक म्हणाला. नजर नानच्या तुकड्यावर. कान लाल झालेले. लहानपणी साखर चोरली की व्हायचे तसे.

झुराकानने त्या कानांकडे जरा वेळ पाहिलं.

"दुसऱ्याचं घे," ती म्हणाली.

एर्मेकने सुटकेचा असा श्वास सोडला की तंबूंच्या कनाती हलल्या. आपा म्हणजे आपा, हिची नजर अजून घारीची, असं तो चारचौघांना सांगू लागला. त्याच्या बायकोने घाईघाईत झुराकानची वाटी काठोकाठ भरली. झुराकानने वाटीकडे पाहिलं, तळवे उघडले, आणि तुमच्या छतातून धूर निघत राहो, दारात पाहुणे उतरत राहोत, एवढं म्हणून ते चेहऱ्यावरून फिरवले. चहा तसाच राहिला.

मला बक्षीस काय, असं तिने विचारलं तेव्हा सगळे हसले. तिने ती मेंढी मागितली. तंबू पोचता झाला होता, मेंढी आता कारखान्याचीच होती. मग सगळे आणखी हसले. एर्मेकने स्वतः दोरी सोडून दिली.

फाटकाशी तो म्हणाला, "उद्या लवकर या हं, शिकवायला माणूस येतोय. आणि ही मेंढी कोणत्या रकान्यात टाकायची, तेही सांगून ठेवा."

"त्यालाच विचार," झुराकान म्हणाली. "नवरोजपासूनची ओळख आहे तुमची."

एर्मेकचे कान पुन्हा लाल झाले. ती सरोवराच्या वाटेला लागली. दोरी फक्त मेंढीच्या गळ्यात होती. कोकरू अंगणात जरा घुटमळलं, मग कोणी न ओढता उड्या मारत आईच्या मागे गेलं.

एर्मेक फाटकातच उभा राहिला.