जैतूनच्या नावाची फळी

फळी कुणीतरी उपटून नेली होती. वारा चार दिवस सुटला होता, त्यामुळे ती जिथे रोवली होती तिथलं भोकही वाळूने बुजून गेलं होतं. वक्रा गावच्या कबरस्तानात सगळ्या कबरी सारख्या. वाळूचा उंचवटा, दोन दगड, नाव नाही की गाव नाही. माझी बायको जैतून त्यातली कुठली, हे आता मला सांगता येत नव्हतं.

हे सन अठ्ठावन्नचं. मी आखातात, दुखानला तेल कंपनीत सुतार होतो. कामगारांच्या बराकीत बायकांना जागा नव्हती, म्हणून जैतून वक्र्याला आपल्या बहिणीकडे, हजराकडे राहायची. हजराचा नवरा मुनाफ, म्हणजे माझा साडू, तिथल्या बाजारात कापड विकायचा. गुरुवारी संध्याकाळी मी लॉरीने यायचो, शुक्रवारी मगरिबला, दिवस मावळताना, परत. जैतून एका मंगळवारी तापाने गेली. निरोप मला बुधवारी पोचला. आलो तेव्हा माती देऊन झाली होती. मुनाफने बोट दाखवलं, "ती, भिंतीकडून तिसरी." मी सागाच्या फळीला रंधा मारला, तेल पाजलं, उर्दू अक्षरांत तिचं नाव कोरलं आणि तिथे ठोकली. सहा शुक्रवार तिथे पाणी घातलं, डब्यात आणलेला सब्जा लावला आणि बसून बोललो.

सातव्या शुक्रवारी फळी नाही.

या देशात झाड नाही. लाकूड दिसलं की कुणाचाही हात जातो. असरच्या, तिसऱ्या प्रहरच्या नमाजानंतर दुकानं उघडली तसा मी बाजारात शिरलो. दोन वर्षं मी त्या गावात येत होतो, पण बाजार कधी फिरलो नव्हतो. जैतून म्हणायची, "एक शुक्रवार माझ्याबरोबर चला की. हलव्याची कढई दाखवते, मोत्यांच्या चाळण्या दाखवते. जुनं गाव आहे हो." मी म्हणायचो, पुढच्या शुक्रवारी.

हलवाई भल्या मोठ्या तांब्याच्या कढईत उलथणं फिरवत होता. मी वाकून त्याच्या चुलीत बघितलं.

"काय हरवलं?" त्याने विचारलं.

"फळी. सागाची."

"मी खजुरीचे झाप जाळतो." त्याने पानावर हलव्याचा तुकडा पुढे केला. "घे. तुझ्या घरच्यांना केशराचा आवडायचा."

"घरचे नाही. जैतून. नाव होतं तिला."

त्याने मान फिरवली आणि हलव्याचं पान परत घेतलं.

पुढे मोत्यांचा जुना व्यापारी. दुकानात लहानमोठे मोती निवडायच्या पितळी चाळण्या एकीवर एक ओळीने ठेवलेल्या, लाल फडकं पसरलेलं, वर मोती एकही नाही. स्वस्त जपानी मोती आल्यापासून तो असाच बसायचा म्हणे.

"काही विकायचं नाही तर दुकान कशाला उघडतोस?" मी उगाच डिवचलं.

"घरी बायको आहे," तो म्हणाला. शेजारचा दोरवाला हसला. मी हसलो नाही. हलवायाकडचं बोलणं व्यापाऱ्याने ऐकलं असावं; त्याने हनुवटीने किनारा दाखवला. "लाकडाचं उस्तादला विचार. आणि जरा हळू बोल."

किनाऱ्यावर उस्ताद मुबारक गलबत बांधत होता. नकाशा नाही, कागद नाही. नुसत्या नजरेने फळी बघायची आणि तासायचा वाकस चालवायचा. सुतार म्हणून मी एरवी तासभर बघत राहिलो असतो. पण गलबताच्या फासळ्यांना टेकून गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी उभं होतं. त्याचा कोपरा मी ओळखला. तो मीच गोल केला होता.

"चोर," मी म्हणालो.

"बस." तो मुंबईच्या गोदीतली हिंदुस्तानी बोलायचा. साग आणायला तरुणपणी तिकडे खेपा केल्या होत्या.

"बसायला नाही आलो."

"मग उभ्याने ऐक. तिथे माझा भाऊ आहे. पाणबुड्या होता. त्याच्या डोक्यावर तू बाईचं नाव ठोकलंस. गावातली पोरं वाचून हसतात."

"भिंतीकडून तिसरी. मुनाफने दाखवली."

"मुनाफला दोन वार कुठले आणि तीन वार कुठले ते कळत नाही. अख्खं गाव जाणतं. त्याला तू कबर विचारलीस?" त्याने वाकस खाली ठेवला. "आणि बाईचं नाव असं चव्हाट्यावर? आम्ही आईचंसुद्धा परक्यापुढे घेत नाही."

"आमच्याकडे कबरीवर नाव लावतात."

"मग तुमच्याकडे न्यायची होती."

माझा हात वर गेला. तो म्हातारा जागचा हलला नाही. हात तसाच खाली आला, कारण मला सहा शुक्रवार आठवले.

त्यानेही ते ओळखलं असावं. "रडत होतास तिथे. बघत होतो मी. बोलला का माझा भाऊ काही?"

"तिची कुठली?"

"मला माहीत आहे. मी मातीला होतो. तू नव्हतास."

"सांग."

"फळी लावणार?"

"लावणार."

"मग नाही सांगत." तो परत तासायला लागला. कपच्या माझ्या पायांवर उडत होत्या. ऊन उतरलं. लॉरीची वेळ होत आली. मी गोणपाट काढलं. फळीवर ओरखडाही नव्हता. उपटताना त्याने जपून उपटली होती, याचाच मला जास्त राग आला.

"नाही लावत," मी म्हणालो.

"कसम?"

"जैतूनची..."

"नाव घेऊ नकोस."

"नाही घेत. खलास."

तो पुढे, मी फळी काखेत घेऊन मागे. जैतून त्या भिंतीजवळ नव्हतीच. पलीकडच्या कोपऱ्यातल्या ओळीत होती. त्याने हनुवटीने दाखवली आणि फाटकापाशी जाऊन थांबला.

मी खिशातली घडीची पट्टी आणि दोरी काढली. भिंतीच्या एका कोपऱ्यापासून तिच्या डोक्याच्या दगडापर्यंत मापलं. एकोणीस फूट आठ इंच. दुसऱ्या कोपऱ्यापासून सत्तावीस फूट चार इंच. दोन कोपऱ्यांची मापं असली की जागा चुकत नाही. दगड हलोत, वाळू उडो. पेन्सिलने दोन्ही मापं फळीच्या पाठीवर लिहिली.

"भिंत पडली तर?" तो फाटकातून ओरडला.

"तर बांधीन!"

"भिंत आमची आहे!"

"मग पडू देऊ नकोस!"

तो काहीतरी अरबीत पुटपुटत निघून गेला. मी आभाराचं शुक्रनही म्हटलं नाही.

मग मी तिच्याजवळ बसलो. जे सांगायचं ते सगळं सहा शुक्रवारांत त्याच्या भावाला सांगून झालं होतं. लॉरीचा भोंगा वाजला. फळी उचलली.

"बाजार फिरून आलो," एवढंच तिला म्हणालो.