एका तोंडाचे शब्द

मित्रांनो, कप्पा ओढायचा तर जरा हळू ओढा. मी एक जुनं लाकडी कपाट आहे. माझे सांधे कुरकुरतात, मुठी निखळून हातात येतात आणि ‘ढ’चा कप्पा तर ढिम्म हलत नाही. खरं सांगू? आता कंटाळा येतो. पण विचारलंतच, तर सांगतो.

मला एका सुतारानं शब्दकोशाच्या कार्यालयासाठी बनवलं. छोटे छोटे कप्पे करून तो वैतागला होता. “एवढ्या कप्प्यांत ठेवणार तरी काय? दागिने?” त्यानं संपादकांना विचारलं.

“शब्द,” संपादक म्हणाले.

“मग लाकूड हलकं चालेल. शब्दांचं काय वजन असतंय!” असं म्हणून तो हसला. पण लाकूड त्यानं चांगलंच वापरलं. त्याचं भलं होवो, कारण पुढं माझ्या पोटात साठ हजार चिठ्ठ्या भरल्या.

एक शब्द, एक चिठ्ठी. वर शब्द, खाली अर्थ, त्याखाली तो कुणाच्या तोंडून ऐकला ते. बोलावलेलं नसताना मध्येच येऊन टपकतो तो उपटसुंभ. त्याची चिठ्ठी नेहमी भलत्याच कप्प्यात सापडायची. घराबाहेर पाऊल न टाकणारा तो घरकोंबडा. गाल फुगवून कोपऱ्यात बसणं म्हणजे फुरंगटणं. संपणारच नाही असं बोलणं ते चऱ्हाट, आणि त्या चिठ्ठीला मागून आणखी तीन कागद टाचलेले होते! पाहुणे यायचे, एकेक चिठ्ठी वाचून खो खो हसायचे आणि जाताना मला थोपटायचे. एकदा वर्तमानपत्रात माझा फोटोही आला होता. गेले ते दिवस.

संपादकांना सगळे पाठीमागं नियमबुवा म्हणत. त्यांचा नियम असा की शब्द कोशात जायला दोन तोंडं हवीत. एकानं बोललेला शब्द दुसऱ्या घरातल्या, दुसऱ्या माणसाच्या तोंडून आपसूक निघाला पाहिजे. विचारायचं नाही, सुचवायचं नाही. तोवर त्याची चिठ्ठी माझ्या अगदी तळच्या कप्प्यात पडून राहायची.

त्या कप्प्यात चिठ्ठ्या लावणाऱ्या ताईंची एक चिठ्ठी होती. त्यांची आई गेली त्याच महिन्यात त्यांनी ती लिहिली होती. ‘हुडकुली : हातातच असलेली वस्तू घरभर शोधत फिरणं. ऐकला : आईकडून. ती चमचा हातात धरून चमचा शोधत होती.’ आईचं दुसरं काही ताईंकडं उरलं नव्हतं. हा एवढा शब्द कोशात जावा, एवढीच बिचारीची इच्छा.

आणि त्यासाठी त्यांनी काय काय केलं म्हणून सांगू! दुकानात जायचं, छत्री हातात धरायची आणि “अगं बाई, माझी छत्री कुठं गेली?” म्हणून सगळं दुकान धुंडाळायचं. कुणीतरी तो शब्द बोलेल म्हणून कान टवकारून ठेवायचे. लोक त्यांना वेंधळी म्हणाले, विसरभोळी म्हणाले, एका दुकानदारानं तर खुर्ची देऊन पाणी पाजलं. पण तो शब्द कुणी बोललं नाही. अशी एकवीस वर्षं गेली.

मग संगणक आला. टायपिस्टकाका माझ्यातल्या चिठ्ठ्या एकेक करून त्यात उतरवू लागले. माझ्या डोक्यावर चहाचे कप राहू लागले, त्यांच्या गोल डागांनी माझं पॉलिश पार गेलं. कुणी फडकंही मारेना. शेवटी ठरलं, की शनिवारी काम संपवायचं आणि तळचा कप्पा पोत्यात भरून रद्दीत द्यायचा.

शनिवारी दुपारी ताई माझ्यासमोर फरशीवर बसल्या होत्या. चिठ्ठ्या मुठीमुठीनं पोत्यात जात होत्या. आईची चिठ्ठी त्यांनी मांडीवर ठेवली होती, ती काही त्यांच्यानं टाकवत नव्हती. तिकडं नियमबुवा शेवटच्या शब्दांची यादी शोधत होते. धाडकन एक कप्पा ओढ, धाडकन दुसरा लाव. माझा जीव नकोसा झाला. यादी त्यांच्या डाव्या हातात होती.

“हात्तिच्या!” ते एकदम थांबले. “हुडकुली झाली की माझी!”

टायपिस्टकाकांची बोटं थांबली. “साहेब, बोललात! दुसरं तोंड! ताई, लिहा, लिहा!”

ताईंनी चिठ्ठी उचलली. मग त्यांनी ती परत मांडीवर ठेवली.

“नाही काका. हे तोंड धरता येत नाही. मी इथं रोज बोलते, माझ्याकडूनच लागलाय तो साहेबांना.” त्यांचे डोळे भरून आले होते. “नियम म्हणजे नियम.”

नियमबुवा खुर्चीवर टेकले. मग त्यांनी ताईंना विचारलं,

“तुम्हाला कुणाकडून लागला?”

“आईकडून.”

“आणि आईला?”

“तिच्या आईकडून असेल. काय ठाऊक.”

“मला ‘भाकड’ माझ्या काकांकडून लागला. ‘चऱ्हाट’ बायकोकडून, माझ्याचबद्दल.” ते कसनुसं हसले. “ताई, सगळे एकमेकांकडूनच तर बोलायला शिकतात. मी ही ‘आपसूक’ची अट कुठल्या झोपेत घातली होती हो?”

त्यांनी चिठ्ठी घेतली आणि स्वतःच्या अक्षरात लिहिलं, ‘दुसऱ्यांदा ऐकला : संपादकाकडून.’ ताई पदर तोंडाला लावून रडल्या. काकांनी शब्द कोशात घातला.

मग नियमबुवा पोत्याकडं वळले. त्यातली एक चिठ्ठी काढून त्यांनी वाचली, दुसरी वाचली. लिहून देणारी माणसं केव्हाच वारली होती, आणि ते शब्द त्या खोलीत कुणीही कधी बोललं नव्हतं. दुसरं तोंड आणणार कुठून? खाडाखोड करून खोटं लिहिणाऱ्यांतले ते नव्हते. चिठ्ठ्या त्यांनी परत पोत्यात ठेवल्या आणि तोंड बांधलं. संध्याकाळी पोतं गेलं. तीनशे बारा शब्द होते, मित्रांनो. मी त्यांना इतकी वर्षं कसर लागू दिली नाही, भिजू दिलं नाही, पण त्याचा काही उपयोग झाला नाही.

म्हणून सांगतो. घरात कुणी म्हातारं माणूस एखादा विचित्र शब्द बोललं तर हसा, पोट धरून हसा. पण हसून झालं की त्याचा अर्थ विचारा, आणि ते माणूस आहे तोवरच तो शब्द स्वतः एकदा बोलून दाखवा.