पाठीवरची चिठ्ठी

मी जुना झालोय हे आधीच सांगून टाकतो, मित्रांनो, म्हणजे तुम्ही माझ्याकडून फार काही अपेक्षा ठेवणार नाही. मी राउटर आहे. तुमच्या घरी असतो तसा गुळगुळीत आणि देखणा नव्हे. कचेऱ्या-कारखान्यांत लावतात तसा, करड्या पत्र्याचा, चौकोनी, पुढे सहा दिवे आणि खाली पाच भोकं असलेला. दात आणि कवळ्या बनवणाऱ्या एका लहानशा कारखान्यात मी सहा वर्षं इमानेइतबारे काम केलं. आजही मी त्याच भिंतीवर आहे, पण माझे दिवे विझलेत आणि माझं तोंड भिंतीकडे आहे. हे कसं झालं ते सांगतो.

माझा जन्म एका लांबलचक पट्ट्यावर झाला. माझ्यापुढे आणि मागे माझ्यासारखीच शेकडो भावंडं सरकत होती. पण ओळख व्हायच्या आतच प्रत्येकाला वेगळ्या खोक्यात घातलं, म्हणून भावंडांचं सुख मला ठाऊक नाही. खोक्यात काळोख होता. दुकानाच्या फळीवर मी किती दिवस पडून होतो हे मला सांगता येणार नाही. एक दिवस झाकण उघडलं आणि एक तरुण चेहरा दिसला. "दादा, आला बघ," तो म्हणाला. माझ्या कानावर पडलेले पहिले शब्द हेच. तो ज्यांना दादा म्हणाला ते माझेही दादाच झाले, त्यांची बायको माझीही वहिनी, आणि तो तरुण म्हणजे त्यांचा भाऊ, धाकटा.

दादा हाताने दात घडवायचे. समोर प्लास्टरचा साचा, हातात मेणाचा तुकडा, आणि डोळे इतके जवळ की नाक मेणाला लागेल की काय असं वाटावं. धाकट्याने मात्र दात कोरणारं यंत्र आणलं होतं. दातांचे डॉक्टर आता तोंडाचं चित्र संगणकावरून पाठवतात, ते यंत्रात घातलं की दात तयार. त्या यंत्रावरून दोघांचं वाजलं होतं. मी आलो तोवर भांडण संपून दादांनी अबोला धरला होता. धाकट्याला दुसऱ्या शहरात नोकरी मिळाली होती आणि तो दुपारच्या गाडीने निघणार होता. सकाळभर त्याने यंत्र लावलं, वायरी ओढल्या, मला तयार केलं. इंटरनेट कंपनीचा डबा, ज्याला मॉडेम म्हणतात, तो त्याने कपाटाच्या माथ्यावर बॅटरीला जोडला. मागे एकदा दुसऱ्या एका कारखान्यात वीज गेल्यामुळे कुणाचं तरी चित्र अर्धंच आलं होतं आणि चुकीचा दात तयार झाला होता. म्हणून त्याने बजावलं, "काही झालं तरी या डब्याची वीज घालवायची नाही." दादांनी साच्यावरून मान वर केली नाही.

मग दादा हात धुवायला गेले, आणि धाकट्याने मला उलटं केलं. माझ्या पाठीवर पांढरी चिकटपट्टी लावली आणि तिच्यावर जाड पेनाने लिहिलं, "दादा, अडलं की फोन कर. मी भांडून जात नाहीये." पासवर्डही पाठीवरच छापलेला असतो. तो बघायला कोणी ना कोणी मला महिनाभरात खाली उतरवेलच, असा त्याचा हिशेब असावा. त्याने मला भिंतीवर स्क्रूने घट्ट बसवलं, पिशवी उचलली आणि तो गेला.

त्याचा हिशेब चुकला, कारण वहिनी. त्या मोठ्या व्यवस्थित. पासवर्ड धाकट्याने संगणकावर टाकला तेव्हाच त्यांनी तो मेणाच्या डब्याच्या झाकणावर लिहून घेतला होता. मला उतरवायची गरज कोणालाच पडली नाही.

माझं काम काय, ते थोडक्यात सांगतो. कारखान्यातल्या सगळ्या यंत्रांना मी पत्ते वाटतो. तू एक, तू दोन, तू तीन, असं. कोणासाठी काय आलंय ते ज्याचं त्याला नेऊन देतो. पण बाहेरच्या जगात मला स्वतःलाही एक पत्ता लागतो, आणि तो माझ्या मालकीचा नसतो. जागा झालो की मी तारेत तोंड घालून विचारतो, "कोणी आहे का? मला पत्ता द्याल का?" नाव घेऊन विचारता येत नाही, कारण कोण देणार हे मला ठाऊक नसतं. मग दूर कुठूनतरी कंपनीचं मोठं यंत्र उत्तर देतं, "हा घे, इतके दिवस वापर." मुदत संपत आली की मी पुन्हा विचारतो. सहा वर्षं मी असंच विचारत राहिलो आणि सहा वर्षं मला उत्तर मिळत गेलं.

दात कोरणाऱ्या यंत्राला नावं ठेवणारे दादा हळूहळू त्याच्यावर हात ठेवून उभे राहायला शिकले. माझंही कौतुक व्हायचं. "याने कधी त्रास दिला नाही," असं दादा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. आणि त्याच दमात, धाकट्याचा विषय निघाला की म्हणायचे, "गेला. जाताना एक शब्द बोलला नाही."

मित्रांनो, तो शब्द माझ्या पाठीवर होता. पाठ भिंतीला, आणि दादा माझ्यापासून दोन हातांवर. मला ओरडून सांगावंसं वाटायचं, पण मला सहा दिव्यांपलीकडे वाचा नाही. मी एकदा जरी बंद पडलो असतो तरी त्यांनी मला उतरवलं असतं. पण मी पडलो नाही. नीट चालत राहिलो, हाच माझा अपराध.

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी दादा स्टुलावर चढून बॅटरीत पाणी घालायचे. वहिनी म्हणायच्या, तोल जाईल, मी माणूस बोलावते. ते ऐकायचे नाहीत. पाणी घातल्यावर डब्याचा हिरवा दिवा लागलाय ना, हे दोनदा बघायचे आणि मगच उतरायचे. भावाचं नाव टाकलं होतं, पण भावाचं सांगणं टाकलं नव्हतं.

मग एका मंगळवारी कंपनीचा माणूस आला. जुना डबा बदलून नवा द्यायचा होता. तो घाईत होता. नवा डबा तो भिंतीतल्या साध्या सॉकेटला लावणार होता, पण दादांनी त्याला अडवलं आणि डबा बॅटरीवरच लावायला लावला. त्याने आपला लॅपटॉप डब्याला जोडून पाहिला, सगळं छान चाललं. मग लॅपटॉप काढून तार माझ्यात खोचली आणि तो निघून गेला.

मी नेहमीसारखं विचारलं, "कोणी आहे का?"

उत्तर आलं नाही.

पुन्हा विचारलं. थोडं थांबून पुन्हा. तार चांगली होती, डबा जागा होता, त्याचा हिरवा दिवा मला इथून दिसत होता. पण मी जणू तिथे नव्हतोच. गंमत बघा, कारखान्यातल्या यंत्रांना मी अजून पत्ते वाटतच होतो. सगळ्यांना पत्ते देणारा मी, आणि मलाच पत्ता नाही. संगणकावर माझं माहितीचं पान उघडलं की माझ्या पत्त्याच्या जागी चार शून्यं दिसायची. माणसाच्या नावापुढे चार शून्यं लिहिली तर त्याला कसं वाटेल, याचा विचार करा.

डॉक्टरांची चित्रं यायची थांबली. एका शाळेच्या बाई समोरचे तीन दात नसल्यामुळे आठवडाभर वर्गात गेल्या नव्हत्या, त्यांचं चित्र अडकलं. वहिनींनी ते मोबाइलवर उतरवायचा प्रयत्न केला. दोनदा ते अर्ध्यावर थांबलं.

कोपऱ्यावरच्या संगणकाच्या दुकानातला दुरुस्तीवाला आला. त्याने मला बंद करून चालू केलं. तार बदलली. माझ्या पानावर जाऊन पत्ता पुन्हा मागायचं बटण दाबलं. मग म्हणाला, सगळंच एकदा बंद करू. दादांनी मुख्य बटण खाली ओढलं. दिवे गेले, पंखा थांबला, कोरणारं यंत्र मुकं झालं, मीही विझलो. सगळं पुन्हा चालू झालं तेव्हा मी मोठ्या आशेने विचारलं. चार शून्यं. कपाटाच्या माथ्यावर डबा बॅटरीच्या जिवावर जागाच राहिला होता, आणि ते कोणाच्याच ध्यानात आलं नव्हतं.

बुधवारी कंपनीचा माणूस परत आला. त्याने तोच लॅपटॉप डब्याला लावला. पत्ता चुटकीसरशी मिळाला. "लाइन ठणठणीत आहे," तो म्हणाला, "तुमचा राउटर गेलाय." वहिनींनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर वळवली. खरं सांगू? तोवर मलाही तसंच वाटायला लागलं होतं. कोणी उत्तर देत नाही म्हटल्यावर माणूस काय किंवा यंत्र काय, आधी आपलंच काहीतरी चुकलं असं धरून चालतं.

गुरुवारी सकाळी नवा राउटर आला. पांढरा, माझ्या निम्म्या आकाराचा. दुरुस्तीवाल्याने माझे स्क्रू काढले आणि मला टेबलावर प्लास्टरच्या साच्यांशेजारी पालथा टाकला. सहा वर्षांनी माझ्या पाठीला वारा लागला. नवा भिंतीवर चढला, तार त्याच्यात गेली, त्याने विचारलं. त्यालाही चार शून्यं. तुमच्यापासून लपवत नाही, मला क्षणभर बरं वाटलं. दुरुस्तीवाल्याने डोकं खाजवलं आणि दुकानात जाऊन येतो म्हणाला.

वहिनींनी मला पुसायला फडकं घेतलं. माझ्या पाठीवरून एकदा फिरवलं आणि हात थांबला.

"अहो," त्या म्हणाल्या, "हे बघा."

दादांचे हात प्लास्टरने माखले होते. ते तसेच उठून आले, वाकले, मेणाच्या दातावर वाकतात तितके जवळ. दोन ओळी वाचायला किती वेळ लागतो? ते बराच वेळ वाचत होते. मग म्हणाले, "फोन लाव. माझे हात खराब आहेत."

वहिनींनी फोन लावून आवाज मोठा केला आणि माझ्याशेजारी ठेवला.

"वहिनी?" धाकट्याचा आवाज आला. किती वर्षांनी.

"मी आहे," दादा म्हणाले. "ते... राउटरला पत्ता मिळत नाहीये."

"मी लावलेल्या?"

"त्याला नाही, आणि नव्यालाही नाही."

धाकट्याने एकेक विचारत सगळं काढून घेतलं. डबा बदलला का, त्या माणसाने कशाला लावून बघितला, सगळं बंद करून पाहिलं का. शेवटी त्याने विचारलं, "डबा कशावर आहे?"

"बॅटरीवर. तूच सांगितलं होतंस."

"ती बॅटरी अजून आहे?"

"दर महिन्याला पाणी घालतो मी तिच्यात."

मग तो हळू म्हणाला, "दादा, तो डबा बंद कर."

"तू म्हणाला होतास, काही झालं तरी बंद करायचा नाही."

"हो. आता मीच सांगतोय ना. त्याची वीज काढ, अर्धा मिनिट थांब, मग लाव." त्याने समजावलं की असा डबा जागा झाल्यावर जो पहिला बोलेल त्यालाच ओळखतो, दुसऱ्या कोणाचं ऐकत नाही. पहिला बोलला त्या माणसाचा लॅपटॉप. तो कधीच निघून गेला, पण डबा झोपला नाही म्हणून विसरलाही नाही.

दादा स्टुलावर चढले आणि त्यांनी वायर काढली. हिरवा दिवा विझला. अर्धा मिनिट दोघांपैकी कोणी फोन ठेवला नाही.

"चिठ्ठी आज वाचली," दादा वरूनच म्हणाले.

"आज?"

"आज. ती भिंतीकडे होती."

"मला वाटलं, वाचूनही..."

"नाही रे," दादा म्हणाले. वहिनी फडक्याने माझा एकच कोपरा पुन्हा पुन्हा पुसत होत्या.

दादांनी वायर लावली. डबा जागा झाला, आणि तारेतून पहिला आवाज गेला तो नव्याचा, कारण तार त्याच्यात होती. त्याला पत्ता मिळाला. शून्यं गेली, आकडे आले, आणि शाळेच्या बाईंच्या दातांचं चित्र पडद्यावर उतरू लागलं.

मी तिथेच पालथा पडलो होतो. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? मी ठणठणीत होतो. तार माझ्यात असती तर मलाही पत्ता मिळाला असता. पण तसं म्हणायला त्या क्षणी कोणाला सवड नव्हती, आणि नसावीही. दोन भावांचं बोलणं चाललं होतं.

दुकानातून परतलेल्या दुरुस्तीवाल्याने मला भंगारात न्यायची तयारी दाखवली. दादा नको म्हणाले. त्यांनी मला नव्याच्या खाली पुन्हा भिंतीवर बसवलं, फक्त उलटं. तोंड भिंतीकडे, पाठ खोलीकडे. माझ्यात वीज नाही, तार नाही, आणि मी आता कोणाला काही विचारत नाही. वर नवा दिवसभर लुकलुकतो. दर शनिवारी दुपारी संगणकावर धाकट्याचा चेहरा येतो म्हणे. मला आवाज ऐकू येतो, चेहरा दिसत नाही. येतो, येतो म्हणतो, अजून आलेला नाही. बॅटरीत मात्र अजून पाणी पडतं.

मित्रांनो, तुमच्याकडे एक मागणं आहे. जी वस्तू बिघडते तिला तुम्ही हात लावताच. जी मुकाट्याने चालते तिलाही कधीतरी भिंतीवरून उतरवा, पुसा, उलटी करून बघा. तिच्याजवळ तुमच्यासाठी काही असेल आणि तिला ते सांगता येत नसेल.

परवाच एक डॉक्टरीणबाई कवळी न्यायला आल्या होत्या. त्यांनी माझ्या पाठीवरच्या दोन ओळी वाचल्या आणि दादांना विचारलं, हे काय आहे. दादांनी मेणावरची नजर उचलली.

"माझ्या भावाची चिठ्ठी आहे," ते म्हणाले. "मला जरा उशिरा मिळाली."