भोंग्याची प्रार्थना

भोंगा हे नाव तिला मोठ्या भावाने ठेवलं होतं. गंमत म्हणजे हा भोंगा फक्त घरात वाजायचा. चर्चमध्ये पाऊल टाकलं की तिची अगदी भिजलेली मांजर व्हायची. मग वर्षभरापूर्वी आत्यांनी तिला हाताशी धरलं. आत्या शिवणकाम करत. त्या सख्ख्या कुणाच्याच आत्या नव्हत्या, त्यामुळे अख्ख्या मंडळीच्या झाल्या होत्या. दर शनिवारी शाळा सुटली की भोंगा त्यांच्या दुकानात जाऊन बसायची. शास्त्रातला एक उतारा वाचायचा, आठवडा कसा गेला ते सांगायचं, बटणं लावता लावता रुसवेफुगवे काढायचे आणि शेवटी प्रार्थना. वर्षभरात तिची भीड अशी चेपली की आता तिला गप्प कसं करायचं, हा प्रश्न पडला होता.

तेव्हा आत्या म्हणाल्या, घेतलंस तेवढं पुरे, आता कुणाला तरी दे. आणि बेकरीवाल्याची दहा वर्षांची चिमणी त्यांनी तिच्या हवाली केली. चिमणी तिच्यामागे शेपटासारखी फिरू लागली, आणि भोंगा हवेत तरंगू लागली.

चिमणीने एकदा गुपित सांगितलं. गणितात नापास झाल्यामुळे प्रगतिपुस्तकावर बाबांची सही तिने स्वतःच ठोकून दिली होती. भोंग्याने तिला जवळ घेतलं, तुझ्यासाठी प्रार्थना करीन असं वचन दिलं, आणि वचन पाळलं. हीच तर गोची झाली. बुधवारच्या प्रार्थनासभेत पाळकांनी कुणीही प्रार्थना करावी म्हटल्याबरोबर ही उभी राहिली आणि खणखणीत आवाजात, डोळे गच्च मिटून, आपल्यातल्या एका लहान बहिणीने वडिलांची खोटी सही केली आहे, तिला क्षमा कर, शिवाय तिचा भागाकारही सुधार, असं प्रभूला सविस्तर कळवून मोकळी झाली.

सभेला लहान बहीण एकच होती. आमेन म्हणून डोळे उघडले तर बेकरीवाला चिमणीकडे बघत होता, आणि चिमणी भोंग्याकडे. ती नजर भोंग्याला तीन दिवस झोपू देईना. शुक्रवारच्या उपासनेला चिमणी तिच्या शेजारी बसली नाही. मुद्दाम खांबाच्या पलीकडे जाऊन बसली.

शनिवारी भोंगा दुकानात आली ती राजीनामा घेऊनच. हे आपलं काम नाही, चिमणीला दुसरी कुणीतरी बघा, असं म्हणून तिने रडायला सुरुवात केली. आत्यांनी यंत्र थांबवलं आणि आधी पोटभर हसून घेतलं. मग त्यांनी स्वतःची गोष्ट सांगितली. तरुणपणी त्यांनी त्यांना हाताशी धरणाऱ्या नर्सबाईंच्या घरातलं भांडण असंच सगळ्या मंडळीपुढे प्रार्थनेत मांडलं होतं. नर्सबाईंनीच त्यांना शास्त्र वाचायला शिकवलेलं. दुसऱ्या दिवशी त्या दारात हजर. आत्यांना वाटलं, आता संपलं.

"मग काय म्हणाल्या त्या?"

"म्हणाल्या, चल, कालचा धडा अर्धा राहिलाय." आत्यांनी चष्मा पुसला. "त्यांनी मला सोडलं नाही, म्हणून मी आज इथे बसलेय. तू चिमणीला कशी सोडशील?"

भोंगा म्हणाली, आपण तीन दिवस देवाची क्षमा मागतोय. आत्या म्हणाल्या, देवाला जरा उसंत दे आणि आधी त्या पोरीकडे जा. भाषण नको. एकच वाक्य, आणि त्यात 'पण' नको.

बेकरीत पिठाच्या पोत्यावर चिमणी हाताची घडी घालून बसली होती. सोबत आलेल्या आत्या दाराशीच थांबल्या. भोंग्याच्या जिभेवर डझनभर वाक्यं तयार होती. ती सगळी तिने गिळली.

"तू मला विश्वासाने सांगितलंस ते मी चारचौघांत बोलले, चुकलं माझं."

मग ती गप्प राहिली. आयुष्यात इतकं अवघड काम तिने केलं नव्हतं. आत ताटं आपटल्याचा आवाज येत होता, आणि चिमणी आपल्या चपलेचा पट्टा न्याहाळत होती.

"बाबा रागावले नाहीत," ती शेवटी म्हणाली. "त्यापेक्षा वाईट. रोज संध्याकाळी माझा अभ्यास घेतात. त्यांना स्वतःलाच भागाकार येत नाही."

भोंग्याला हसू फुटायला आलं होतं. तिने ओठ दाबून धरले. चिमणीने बजावलं की यापुढे तुला काहीही सांगणार नाही. भोंगा म्हणाली, बरं. निदान महिनाभर तरी नाही, चिमणीने जरा सवलत दिली. भोंगा पुन्हा म्हणाली, बरं. आणि तोवर भागाकार मी शिकवू का, एवढंच विचारलं.

तसा भागाकार सुरू झाला. पोत्यावर वही पसरून, हाताला पीठ लागत, आठवड्यातून तीनदा. महिना काही पुरा झाला नाही. अठराव्या दिवशी बाकी शून्य आली, त्या आनंदात चिमणीने पेन्सिल खाली ठेवली, इकडेतिकडे पाहिलं आणि भोंग्याच्या कानात बराच वेळ कुजबुजली.

शनिवारी बटण लावताना भोंग्याचा चेहरा असा फुलला होता की आत्यांना राहवेना. पोरीने पुन्हा काही सांगितलं वाटतं, काय म्हणत होती, त्यांनी सहज विचारलं.

"ते तिलाच विचारा, आत्या," भोंगा म्हणाली, आणि दोरा ओवू लागली.

 आत्यांनी मान डोलावत यंत्र सुरू केलं आणि पुढचे कितीतरी टाके स्वतःशीच हसत घातले.