गिरजाबाईची साक्ष

"माय, पदर सारखा कर. ते पाहून राह्यले," सरिता पुटपुटली.

"पाहू दे. माह्या पदराले का भोकं हायेत?" गिरजाबाई कॅमेऱ्यासमोर आणखीच ताठ बसली.

पोंभुर्ण्याच्या झेरॉक्सवाल्याची मागची खोली त्यांनी तासाभरासाठी मागून घेतली होती. दाराशी शेजारची रुखमा कान लावून उभी. संगणकाच्या पडद्यावर परदेशातले न्यायाधीश, संस्थेचा वकील आणि पुण्याकडच्या मराठीत बोलणारी दुभाषी बाई.

सरिता इंजिनीअर. एका जागतिक संस्थेत पाच वर्षं तिनं निर्वासितांच्या छावण्यांना पाणी पुरवलं. करार दरवर्षी वाढायचा. ज्या वर्षी तिनं ठेकेदाराचं पाणी पिण्याजोगं नाही असा अहवाल वरपर्यंत पाठवला, त्या वर्षी पत्र आलं: निधी नाही, करार वाढणार नाही.

"चंद्रपूरच्या कोर्टात खेच त्यायले," गिरजाबाई तेव्हा गरजली होती.

"कायद्यानं सूट हाये त्यायले, आपलं कोणतंच कोर्ट बोलावू शकत नाई, माय. आधी त्यायलेच अर्ज करा लागते, फेरविचार करा म्हणून. तेही साठ दिवसांच्या आत. नाई म्हटलं, की मंग त्यायच्याच न्यायाधिकरणात जा लागते."

"म्हंजे ज्यानं मारलं, त्याच्याच वसरीवर बसून रडा!"

अर्ज वेळेत गेला, नकार आला, खटला उभा राहिला. आता सगळं एका शब्दावर अडलं होतं. त्या पत्राच्या चार महिने आधी सरिताचा साहेब दौऱ्यावर असताना तिच्यासोबत गावात आला होता. गिरजाबाईच्या हातचा मरळीचा रस्सा दोनदा वाढून घेतला आणि म्हणाला, तुमच्या मुलीची पुढची दोन वर्षं पक्की. आता तो म्हणत होता, असं बोललोच नाही. कागद नव्हता. साक्षीदार एकच.

गिरजाबाईला त्यात काही अडचण दिसेना. तलावावर कोणाचं जाळं कधी पडायचं, हे मच्छीमार सोसायटीत तिच्या तोंडच्या शब्दावर ठरे. सही कोणी मागत नसे. पडद्याकडं पाहत तिनं सगळं ठणकावून सांगितलं.

"साहेब कोणत्या भाषेत बोलले?" दुभाषी बाईनं वकिलाचा प्रश्न सांगितला.

"इंग्रजीत."

"आपणांस इंग्रजी समजते?"

रुखमा दारातून पुढं सरकली. सायबाशी मीच इंग्रजीत बोलली, हे गिरजाबाईनं वर्षभर अख्ख्या गावाला ऐकवलं होतं. सरिताची नजर आईवर खिळलेली.

"नाई," गिरजाबाई म्हणाली. "पोरीनं मराठीत करून सांगतलं. पण सायबाचं तोंड मी पाह्यलं नं! मले इंग्रजी नाई समजत, माणूस समजते."

दुभाषी बाईनं त्याचं इंग्रजी केलं. फारच थोडकं झालं ते. वकिलानं हसून आभार मानले.

बाहेर येताच रुखमानं टोचलं, "काऊन वं गिरजे, तुही इंग्रजी आमच्याच म्होरं चालते का?"

"तू चूप राय. तुले तं मराठीही धड येत नाई."

घराचं दार उघडताना सरिता वळली. मग म्हणाली, "हो म्हटलं असतं तं का बिघडलं असतं, माय?"

"मंग त्या सायबात अन् माह्यात का फरक राह्यला असता?"



तीन महिन्यांनी निकाल मोबाईलवर आला. सरितानं तो अंगणात उभ्यानंच वाचला.

"हरलो. वचन सिद्ध झालं नाई. निधी नव्हता, हेच खरं धरलं त्यायनं."

"माह्याबद्दल का लिहिलं?"

सरिताचं बोट मजकुरावरून फिरत एका जागी थांबलं. बराच वेळ ती वाचत राहिली.

"लिहिलं हाये, बाई खरं बोलली."

गिरजाबाईनं मान पुढं करून पाहिलं. बोट होतं तिथं चांगल्या आठ-दहा ओळी होत्या. बाकीच्यांत काय आहे, ते तिनं विचारलं नाही.