पाव चमचा

इजिप्तमधल्या अखमीम गावातल्या दोन खोल्यांच्या घरात इरीनी सकाळी सासूला, बरबाराला, मसुराची घट्ट पेज भरवायला बसली होती. तीन महिन्यांपूर्वीच्या अर्धांगवायूच्या झटक्यानंतर बरबाराला धड गिळता येत नव्हतं. पाव चमचा तोंडात घालायचा, हनुवटी खाली धरायची आणि गळ्याची घाटी वर जाऊन खाली येईपर्यंत थांबायचं. तोवर पुढचा घास नाही. एका वाटीला तास लागायचा.

आज ईस्टरच्या आधीचा, झावळ्यांचा रविवार. गल्लीतल्या पोरी विणलेल्या झावळ्या मिरवत चर्चला निघाल्या होत्या. इरीनीनंही नवा झगा घातला होता. बरबाराचा पहिलाच घास त्यावर उडाला.

याच बाईनं बारा वर्षं तिला शेजारणींसमोर वांझ म्हणून हिणवलं होतं. गेल्या आठवड्यात चर्चमध्ये पापांच्या कबुलीला गेल्यावर इरीनीनं म्हाताऱ्या पाद्रींना, अबूना बिसादांना, सांगूनच टाकलं, "कधी कधी वाटतं, चमचा जरा जोरात सारावा."

"याकोब प्रेषित काय सांगतो?" ते म्हणाले. "ऐकायला घाई कर, बोलायला उशीर कर, रागवायला त्याहून उशीर कर. भरवताना मनात म्हणत जा."

"अबूना, याकोबाला सासू नव्हती."

ते हसले, पण शब्द मागे घेतला नाही.

चौथा घास चालू असताना नर्जिस आत आली. बरबाराची थोरली लेक. हातात झावळी होती.

"अजून वाटी तशीच? हाडं बघ तिची. उपाशी मारतेयस माझ्या आईला."

"वन्सं, त्यांना गिळायला वेळ लागतो."

"मला नको शिकवूस. लेकरू भरवलं असतंस तर कळलं असतं कसं भरवायचं ते."

इरीनीच्या कानशिलात ठणका उठला. तीन महिन्यांत तुम्ही किती वेळा आलात, हे अगदी ओठांवर आलं. ऐकायला घाई, बोलायला उशीर. ती मनात तेवढं म्हणेपर्यंत नर्जिसनं चमचा ओढून घेतला. काठोकाठ भरलेला चमचा म्हातारीच्या तोंडात गेला. लगेच दुसरा.

"थांबा वन्सं, घाटी हलली नाही."

तिसराही गेला.

बरबारा खोकली नाही. तिचे डोळे मोठे झाले, तोंड उघडं राहिलं आणि आवाजच येईना. ओठ निळे पडू लागले. इरीनीनं नणंदेला बाजूला ढकललं, सासूला आपल्या हातावर पुढे वाकवलं आणि पाठीवर तळहाताचा दणका हाणला. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा. चौथ्या दणक्याला पेजेचा गोळा जमिनीवर पडला आणि म्हातारीनं घरघरत श्वास ओढला.

नर्जिस भिंतीला टेकून उभी होती. "एवढी घट्ट केलीस तर दुसरं काय होणार?"

बारा वर्षांचं सगळं एका दमात सुनवावंसं इरीनीला वाटलं. पण म्हातारीनं तिची बाही मुठीत गच्च धरली होती. आत्ता आवाज चढला तर ही दचकेल, आणि दचकली की पाण्याचा थेंबही उतरणार नाही. इरीनीनं श्वास सोडला.

"पातळ केली की श्वासात जाते," ती हळू म्हणाली. "पुन्हा असा चमचा ओढलात तर मी तुम्हाला घरात घेणार नाही. आता बसा. यांना जरा दम घेऊ द्या, मग दाखवते."

"मला नाही जमायचं."

"मला तरी कुठं रोज जमतं?"

बरबाराचा श्वास ताळ्यावर यायला बराच वेळ गेला. मग नर्जिसनं पाव चमचा भरला. दोघी त्या सुरकुतलेल्या गळ्याकडे बघत बसल्या. चर्चची घंटा वाजून थांबली.

"हलली?"

"नाही अजून."

नर्जिसचा पाय जमिनीवर अस्वस्थ टपटपत होता. मग घाटी वर गेली, खाली आली. पुढचा घास बरबारानं नर्जिसच्या झग्यावर थुंकला. तिनं तो पुसला आणि पुन्हा पाव चमचा भरला.

वाटी काही संपली नाही. जाताना नर्जिस म्हणाली, "मंगळवारी येते."

आली ती गुरुवारी. इरीनीनं चमचा तिच्यापुढे केला आणि स्वतः मागल्या अंगणात जाऊन पूर्ण तासभर नुसती बसून राहिली.